जुन्या ट्यूब माइकला दुसरा पॉवर सप्लाय जोडताना

मुंबईतला एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून मी नॉयमन या जर्मन कंपनीचा यू ६७ हा जुना ट्यूब माइक नागपूरला आणला. लाकडी पेटी होती, स्टँडला लावायची फ्रेम होती, माइक स्वच्छ होता. फक्त त्याचा पॉवर सप्लाय कधीतरी, कुठेतरी गेला होता. मी ऑनलाइन शोधलं. एका विक्रेत्याने सांगितलं, सात पिनांचा सप्लाय आहे, कोणत्याही ट्यूब माइकला चालतो, केबलही बनवून देतो. तो मागवला, जोडला, दिवा लागला, आवाज आला. मी निश्चिंत झालो.

आठ महिने त्यावर काम केलं. मोठ्या गळ्याचा गायक तार षड्जावर गेला की आवाज फाटायचा, तेव्हा मी प्रीअँपला (माइकचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) दोष दिला. मग जुलैत माइकमधून तडतड सुरू झाली, तेव्हा कॅप्सूलला (माइकच्या डोक्यातल्या, आवाज पकडणाऱ्या चकतीला) दोष दिला. कॅप्सूल काढून दुरुस्तीला पाठवली, चांगले पैसे गेले, महिनाभर माइक बंद राहिला. कॅप्सूल परत आली आणि तडतड तशीच.

शेवटी नागपूरच्या महाल भागात जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी माइक उघडून दोन ठिकाणी मीटर लावला. ट्यूबच्या हीटरवर (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेवर) ६.३ व्होल्ट हवे होते, तिथे ७ होते. एचटी, म्हणजे ट्यूबला लागणारं मोठं डीसी व्होल्टेज, २१० व्होल्ट हवं होतं, तिथे १२८ होतं. काका म्हणाले, "माइक चांगला हाय भाऊ. तुम्ही त्याले भलतंच चारून राहिले."

त्यानंतर मी बसून हे सगळं नीट शिकलो. तुमच्याकडेही असा सप्लायविना आलेला किंवा सप्लाय जळालेला माइक असेल, तर पुढचं सगळं वाचून मगच काही विकत घ्या. प्लग बसला म्हणजे जोडी जमली असं होत नाही, आणि आवाज आला म्हणजेसुद्धा होत नाही.

एक प्रश्न आधीच निकालात काढतो, कारण तो मला सगळ्यात जास्त विचारला जातो: मिक्सरचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, का चालत नाही? फँटम ४८ व्होल्टचा असतो आणि दोन्ही तारांवर ६.८ किलोओहमचे रेझिस्टन्स असतात. दोन्ही तारा शॉर्ट केल्या तरी त्यातून जेमतेम १४ मिलिअँप निघतात. यू ६७ मधल्या ट्यूबचा हीटर एकटा २०० मिलिअँप घेतो. त्यामुळे ट्यूब माइकला वेगळा डबा लागतोच.

१. आधी माइक ओळखा, मग आतली ट्यूब ओळखा

माइकवरचं नाव वाचून थांबू नका. हे माइक साठ-सत्तर वर्षांचे आहेत आणि मधल्या काळात अनेक हातांतून गेलेले आहेत. नॉयमनच्याच यू ४७ चं उदाहरण घ्या. १९४९ साली तो आला तेव्हा त्यात टेलिफुंकनची व्हीएफ १४ ही ट्यूब होती. तिचं उत्पादन थांबल्यावर जगभरच्या यू ४७ मध्ये नुव्हिस्टर (धातूच्या आवरणातली छोटी ट्यूब) किंवा दुसऱ्या ट्यूब बसवल्या गेल्या. बाहेरून दोन्ही माइक सारखेच दिसतात, पण दोघांच्या विजेच्या गरजा अगदी वेगळ्या. टेलिफुंकनच्या नावाने विकला गेलेला ईएलए एम २५१ एसी ७०१ ट्यूबचा आहे आणि २५१ ई हा ६०७२ चा. एका अक्षराचा फरक, पण हीटरचं व्होल्टेज बदललं.

म्हणून माइकची नळी उघडा, ट्यूबवरचा छापील नंबर वाचा, फोटो काढून ठेवा. उघडण्याआधी हात स्वच्छ धुवा आणि कॅप्सूलच्या भागाला अजिबात हात लावू नका. ट्यूबवरची अक्षरं पुसली गेली असतील तर अंदाज करू नका, जाणत्या माणसाला दाखवा.

मग त्या माइकचं सर्किट मिळवा. नावाजलेल्या माइकांची सर्किटं सहज मिळतात. सर्किट समोर ठेवून प्रत्यक्ष माइकमधले मोठे रेझिस्टन्स आणि कॅपॅसिटर जुळतात का ते बघा. जुळले नाहीत तर कुणीतरी फेरफार केलेला आहे, आणि मग छापील आकडे तुमच्या माइकला लागू होतीलच असं नाही.

२. गरजांचा कागद तयार करा

हा कागद झाल्याशिवाय बाजारात जाऊ नका. त्यावर इतकं लिहा:

– एचटी किती व्होल्ट आणि अंदाजे किती करंट
– हीटर किती व्होल्ट आणि किती करंट
– हीटरची कोणती बाजू ग्राउंडला जोडलेली आहे
– पॅटर्न (माइक कोणत्या दिशांचा आवाज घेतो ते) माइकवरच बदलतो की सप्लायवरून
– कनेक्टर कोणता, किती पिनांचा, कोणती पिन कशासाठी
– केबल किती मीटर

काही आकडे उदाहरणासाठी देतो. १९६० साली आलेल्या यू ६७ मध्ये ईएफ ८६ ही ट्यूब आहे: एचटी २१० व्होल्ट, हीटर ६.३ व्होल्ट आणि २०० मिलिअँप. नॉयमनच्याच एम ४९ मध्ये एसी ७०१: एचटी १२० व्होल्ट, हीटर फक्त ४ व्होल्ट आणि १०० मिलिअँप. एकेजीच्या सी १२ मध्ये ६०७२: एचटी १२० व्होल्ट, हीटर ६.३ व्होल्ट.

यू ४७ या सगळ्यांपेक्षा वेगळा. त्याला सप्लायमधून एकच व्होल्टेज जातं, १०५. व्हीएफ १४ चा हीटर ५५ व्होल्टचा आहे, पण माइकमध्येच १७८० ओहमचा एक रेझिस्टन्स मध्ये घालून त्याला साधारण ३५ व्होल्टवरच ठेवलं आहे. म्हणजे तो मुद्दाम कमी तापवला जातो. सुमारे ४० मिलिअँप करंट त्या रेझिस्टन्समधून जातो आणि जवळपास तीन वॅट उष्णता माइकच्या पोटातच तयार होते. यू ४७ हाताला कोमट लागतो तो यामुळे. शिवाय हाच हीटरचा करंट २९ ओहमच्या रेझिस्टन्समधून जातो आणि तिथे पडणाऱ्या एक व्होल्टाच्या आसपासच्या व्होल्टेजवर ट्यूबचा बायस (ट्यूब कोणत्या बिंदूवर काम करते ते) ठरतो. सप्लाय १०५ ऐवजी ११५ देऊ लागला तर एचटी, हीटर आणि बायस हे तिन्ही एकदम हलतात. मला हे डिझाइन फार सुंदर वाटतं, आणि त्याच कारणाने यू ४७ ला परका सप्लाय जोडताना मी सगळ्यात जास्त घाबरतो. व्हीएफ १४ आता बनत नाही. ती गेली की गेली.

पॅटर्नचा मुद्दाही खरेदीआधीच बघायचा. यू ६७ चा पॅटर्न माइकवरच्या बटणाने बदलतो. एम ४९ आणि सी १२ चा पॅटर्न लांबून, सप्लायच्या बाजूने, वेगळं व्होल्टेज पाठवून बदलतो. अशा माइकला फक्त एचटी आणि हीटर देणारा सप्लाय लावला तर माइक वाजेल, पण पॅटर्न एकाच जागी अडकून पडेल किंवा मधेच कुठेतरी तरंगत राहील.

३. जवळ काय काय हवं

कागदपत्रं: माइकचं सर्किट, ट्यूबची डेटाशीट, कनेक्टरचं चित्र, आणि सप्लाय विकणाऱ्याकडून लेखी आकडे. म्हणजे किती लोडवर किती व्होल्ट, हे त्याने लिहून दिलेलं. तोंडी "चालतो हो" ऐकून पैसे देऊ नका.

सामान: ६०० व्होल्टपर्यंत मोजणारा चांगला डिजिटल मल्टीमीटर आणि त्याच्या न फाटलेल्या प्रोब, मगर क्लिप, सोल्डरिंग आयर्न, स्लीव्ह, डमी लोडसाठी (चाचणीत माइकच्या जागी जोडायला) रेझिस्टन्स, कॅपॅसिटर रिकामा करायला १० किलोओहम ५ वॅटचा एक रेझिस्टन्स, आणि सिरीज लॅम्पचा (मेनच्या तारेत मध्ये बल्ब लावलेला) बोर्ड. डिमरस्टॅट (मेनचं व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर फारच छान. तो विकत घ्यायची गरज नाही, वायरिंगचं किंवा मोटार वाइंडिंगचं काम करणाऱ्याकडे एक दिवसासाठी मागता येतो.

रेझिस्टन्स, स्लीव्ह, फ्यूज, एलएम ३१७ सारखे रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे) आयसी नागपुरात बर्डीवर मिळून जातात. जुन्या माइकांचे कनेक्टर मात्र नागपुरात मिळण्याची आशा धरू नका. ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधावे लागतात किंवा बाहेरून मागवावे लागतात, आणि त्यालाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. म्हणून कनेक्टरची ऑर्डर सगळ्यात आधी द्या.

४. जिवाची काळजी

हे वाचून पुढे जाऊ नका, करून पुढे जा. २१० व्होल्ट डीसी माणसाला मारू शकतो. सप्लायचा प्लग काढल्यावरही आतले कॅपॅसिटर भरलेले राहतात. झाकण उघडलं की आधी तो १० किलोओहमचा रेझिस्टन्स मगर क्लिपने एचटीच्या कॅपॅसिटरच्या दोन टोकांना पाच सेकंद लावून ठेवा, मग मीटरने मोजा, शून्याजवळ आलं की मगच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने थेट शॉर्ट करायची सवय अनेकांना असते. ती कॅपॅसिटरलाही वाईट आणि डोळ्यांनाही.

चालू सप्लायवर मोजताना एक क्लिप ग्राउंडला आधीच लावून ठेवा आणि एकाच हाताने दुसरी प्रोब धरा. पायात चप्पल असू द्या, फरशी कोरडी असू द्या. घरात दुसरं माणूस असू द्या आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला दाखवून ठेवा. हे अजून जमत नसेल तर मोजण्याचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि तुम्ही शेजारी बसून आकडे लिहा. त्यात काही कमीपणा नाही. मी पहिल्या वेळी तसंच केलं.

५. सप्लाय कोणता घ्यायचा

तीन रस्ते आहेत. पहिला, त्याच माइकचा जुना मूळ सप्लाय. तो मिळाला तर उत्तम, पण तो माइकइतकाच जुना आहे हे विसरू नका. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बहुधा बदलावे लागतात. काहींमध्ये सेलेनियम रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा जुन्या जातीचा भाग) असतो. तो वयाबरोबर थकतो आणि जळला तर त्याचा उग्र वास विषारी असतो. त्याच्या जागी साधे सिलिकॉन डायोड घातले की व्होल्टेज वाढतं, कारण सेलेनियमवर जास्त व्होल्ट पडत होते. ती वाढ मारण्यासाठी एक रेझिस्टन्स घालावा लागतो. "डायोड बदलून दिले" एवढंच कुणी सांगितलं, तर पुढे विचारा: नंतर लोडवर मोजलं का?

दुसरा रस्ता, तुमच्या मॉडेलसाठीच कुणीतरी बनवलेला नवा सप्लाय. नवख्या माणसाने मी सांगेन तर हाच घ्यावा. यू ६७ कंपनीने २०१८ साली पुन्हा बाजारात आणला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दलची माहिती तरी आज भरपूर आहे.

तिसरा, दुसऱ्याच माइकचा सप्लाय घेऊन त्यात बदल करणं. माझ्याकडे आलेला डबा याच जातीचा होता, फक्त बदल न करता. हा रस्ता स्वस्त दिसतो. हीटरची बाजू जमवता येते, एलएम ३१७ लावून हवं ते व्होल्टेज बसवता येतं, त्याच्या इनपुटला आउटपुटपेक्षा निदान तीन व्होल्ट जास्त मिळाले पाहिजेत एवढंच. पण एचटी देणारा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टसाठी बांधलेला असेल तर त्यातून २१० काढता येत नाही. तिथे ट्रान्सफॉर्मरच बदलावा लागतो, आणि मग उरतो तो फक्त डबा.

कुठलाही घ्या, हीटरच्या बाजूला करंटची ऐपत गरजेच्या दीडपट तरी असू द्या. थंड हीटरचा रेझिस्टन्स तापलेल्या हीटरपेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे चालू करताना पहिले काही सेकंद तो जास्त करंट ओढतो. काठावरचा रेग्युलेटर अशा वेळी स्वतःला वाचवायला व्होल्टेज पाडतो आणि हीटर कधी धड तापतच नाही.

६. डमी लोड: माइक जोडण्याआधीची परीक्षा

या एका पायरीने माझे आठ महिने वाचले असते, म्हणून इथे जरा थांबतो.

माझ्या सप्लायमध्ये काय होत होतं ते बघा. तो ३०० मिलिअँप घेणाऱ्या ट्यूबसाठी बनवला होता. आत रेग्युलेटर नव्हता, साधारण ८.४ व्होल्ट तयार करून ७ ओहमच्या रेझिस्टन्समधून बाहेर सोडले जात होते. ३०० मिलिअँपवर त्या रेझिस्टन्सवर २.१ व्होल्ट पडतात, बाहेर ६.३ येतात, सगळं बरोबर. माझी ईएफ ८६ फक्त २०० मिलिअँप घेते. मग त्यावर १.४ व्होल्टच पडतात आणि बाहेर ७ येतात. डब्यावर ६.३ छापलं होतं आणि ते खोटंही नव्हतं, फक्त ते दुसऱ्या ट्यूबसाठी खरं होतं. किती व्होल्ट मिळणार हे सप्लाय एकटा ठरवत नाही. समोरचा किती करंट घेतो त्यावर ते ठरतं. हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळा हिशेब सोपा आहे.

म्हणून माइकच्या जागी आधी रेझिस्टन्स जोडायचे. व्होल्टला करंटने भागा, ओहम मिळतात. ईएफ ८६ साठी ६.३ भागिले ०.२ म्हणजे ३१.५ ओहम, बाजारात ३३ मिळतो, ५ वॅटचा सिमेंटवाला घ्या. ६०७२ चे दोन्ही हीटर समांतर जोडलेले असतील तर ३०० मिलिअँप, म्हणजे २२ ओहम, ५ वॅट. एसी ७०१ साठी ३९ ओहम, २ वॅट पुरे. हे रेझिस्टन्स चांगलेच तापतात, फोमवर किंवा कागदावर ठेवू नका.

एचटीच्या बाजूला यू ६७ सारखा माइक फार थोडा करंट घेतो, एक मिलिअँपच्या आसपास. तिथे १०० किलोओहमचे अर्ध्या वॅटचे दोन रेझिस्टन्स एकामागे एक जोडा. एकच पाव वॅटचा लावू नका. त्याला वॅट झेपतील, पण इतकं व्होल्टेज त्याच्या मर्यादेच्या फार जवळ जातं. यू ४७ साठी २.७ किलोओहम, १० वॅट.

आता दोन्ही लोड एकाच वेळी जोडून सप्लाय चालू करा. बराच काळ पडून असलेला सप्लाय असेल तर आधी सिरीज लॅम्पमधून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. डिमरस्टॅट असेल तर अर्ध्या तासात हळूहळू वर चढवा.

लोड न लावता जुना सप्लाय चालू ठेवू नका. त्यांच्यातले बरेचसे रेग्युलेटरविना असतात. लोड नसला की एचटी खूप वर जातं, कधी आतल्या कॅपॅसिटरच्या मर्यादेपलीकडे. लोडविना मोजून आलेला आकडा उपयोगाचाही नसतो. तो बघून घाबरू नका आणि त्यावरून काही ठरवूही नका.

पंधरा मिनिटांनी आकडे लिहा. एका तासाने पुन्हा लिहा. दोन्ही वेळचे आकडे सारखे असले पाहिजेत.

मग एचटीवरचा रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर, बघा. मीटर एसीवर ठेवून, मध्ये ०.१ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर घालून मोजा. एक-दोन मिलिव्होल्टच्या वर गेला तर आवाजात १०० हर्ट्झची घरघर येणार, हे आत्ताच समजेल.

७. केबलमध्ये हरवणारे व्होल्ट

सप्लायच्या तोंडाशी ६.३ आहे म्हणून समाधान मानू नका, ट्यूबच्या पायाशी किती आहे ते महत्त्वाचं. ०.२२ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०८ ओहम रेझिस्टन्स असतो. दहा मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे १.६ ओहम. २०० मिलिअँपवर ०.३२ व्होल्ट वाटेतच गेले. तेव्हा सप्लायच्या तोंडाशी ६.६ हवेत, तर माइकपाशी ६.३ पोचतील. ३०० मिलिअँपच्या ट्यूबला हीच केबल जवळजवळ अर्धा व्होल्ट खाते.

याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. दहा मीटर केबलवर जमवलेला सप्लाय तुम्ही दोन मीटरच्या केबलवर लावला, तर हीटरला जास्त व्होल्ट मिळतात. केबल ही त्या जोडीचा भाग आहे. केबलवर चिठ्ठी लावा, ती बदलली तर पुन्हा मोजा.

शक्य असेल तिथे डमी लोड केबलच्या माइककडच्या टोकाला लावूनच मोजा. ६.१ ते ६.३ मध्ये आलं की मी थांबतो. थोडं खाली चालेल, वर नको.

८. पिना

इथे दोन सापळे आहेत. पहिला, सात पिना म्हणजे सारख्याच सात पिना नव्हेत. आकार वेगळे, आणि आकार एकच असला तरी कोणत्या पिनवर काय, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं. चुकून एचटी हीटरच्या पिनवर गेलं तर ट्यूब क्षणात गेली असं समजा.

दुसरा सापळा आरशाचा. कनेक्टरचं चित्र समोरून काढलेलं आहे की सोल्डरिंगच्या बाजूने, हे बघितलं नाही तर सगळा क्रम उलटा होतो. कनेक्टरवर बारीक अक्षरात नंबर कोरलेले असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा आणि त्या नंबरांवरच भरवसा ठेवा.

केबल झाली की प्रत्येक पिन दुसऱ्या टोकाच्या प्रत्येक पिनशी मीटरच्या बीपवर तपासा. जिथे आवाज यायला हवा तिथे येतो का, हे सगळेच बघतात. जिथे यायला नको तिथे येत नाही ना, हेही बघा. सात पिनांच्या जोड्या एकवीस होतात. सगळ्या तपासायला पाच मिनिटं लागतात. केबलची शील्ड माइकच्या धातूच्या अंगाला आणि सप्लायच्या डब्याला नीट जोडली गेली पाहिजे, आणि डबा तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला. हम येतो म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका. गाणारा माणूस त्या माइकला ओठ लावून उभा असतो.

९. घरातली वीज

युरोपातले जुने सप्लाय २२० व्होल्टसाठी बांधलेले असतात. आपल्याकडे वीज २३० ची म्हणून येते आणि रात्री उशिरा, वस्तीतला भार उतरला की, माझ्या खोलीत २४० दिसतं. २२० वर बसवलेल्या रेग्युलेटरविना सप्लायला २४० मिळाले तर एचटी २१० चं २२९ होतं आणि हीटर ६.३ चा जवळजवळ ६.९. मागच्या सिलेक्टरवर २४० चा पर्याय असेल तर तो निवडा. अमेरिकेतून आलेला सप्लाय ११० वर लावलेला असू शकतो. प्लग घालण्याआधी ते बघा, फ्यूजही त्यानुसार बदला.

उन्हाळ्यात उलट होतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी घरोघरी कूलर आणि एसी चालू झाले की व्होल्टेज खाली येतं. मी सॉकेटमधले आकडे दुपारी तीनला आणि रात्री एकला, दोन्ही वेळा लिहून काढले आणि मगच सप्लाय जमवला. तुम्हीही तसं करा. रेग्युलेटेड सप्लाय असेल तर ही चिंता बरीच कमी होते. साधा रिले असलेला स्टॅबिलायझर लावला तर तो रेकॉर्डिंगच्या मधेच टक् करून टप्पा बदलतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर ट्यूब माइक चालवूच नका, सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये भुणभुण येते.

४५ अंशांच्या दुपारी सप्लायचा डबा बंद कपाटात किंवा गालिच्यावर ठेवू नका. ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर दोघांनाही खालून-वरून हवा लागते.

१०. माइक प्रत्यक्ष जोडताना

सप्लाय बंद. मिक्सरवरचा फँटम बंद, फेडर खाली. माइक केबलला जोडा, केबल सप्लायला, मग सप्लाय चालू करा. चालू सप्लायवर माइक काढायचा-घालायचा नाही, कधीच नाही. बंद केल्यावरही एक मिनिट थांबा.

पहिल्या वेळी माइकची नळी उघडी ठेवून हीटरच्या दोन टोकांवर आणि एचटीवर मोजा. डमी लोडवर आलेले आकडे इथेही जवळपास तेच यायला हवेत. नाही आले तर बंद करा आणि कागदाशी ताडून बघा.

कॅप्सूलवरचं व्होल्टेज मात्र साध्या मीटरने मोजायला जाऊ नका. त्याच्या वाटेत प्रचंड मोठे रेझिस्टन्स असतात, त्यापुढे मीटरचे स्वतःचे १० मेगओहमसुद्धा जड पडतात आणि आकडा खूप कमी दिसतो. तो बघून एचटी वाढवणारा एकजण मला माहीत आहे. त्याची ट्यूब त्यात गेली.

अर्धा तास तापू द्या. मग हेडफोन लावून शांत खोलीत ऐका. कमी सुराची ५० हर्ट्झची गुणगुण असेल तर अर्थिंग आणि केबलची शील्ड तपासा. त्याहून वरच्या पट्टीतली, खरखरीत घरघर असेल तर सप्लायमधले फिल्टर कॅपॅसिटर. पातळ, सतत शिट्टी असेल तर आत स्वस्तातला स्विचिंग सप्लाय लपलेला आहे. पावसाळ्यातली तडतड बहुतेक वेळा दमटपणाची असते, आणि ती माइक तासभर तापल्यावर कमी होते. अशा माइकला सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा. तापल्यावरही तडतड तशीच राहिली किंवा वाढली, तर ट्यूबकडे बघा. माझी तशीच होती. सात व्होल्टवर आठ महिने भाजलेली ईएफ ८६ काढून नवी लावली, नवा सप्लाय जमवला, आणि तो आवाज गेला.

त्यानंतर मोठ्या आवाजाची परीक्षा घ्या. गायकाला पूर्ण ताकदीने तार सप्तकात गायला सांगा किंवा दोन हात अंतरावरून ढोलकी वाजवून घ्या. माझ्या १२८ व्होल्टच्या एचटीवर जो षड्ज फाटायचा, तो २१० वर त्याच गायकाने त्याच खोलीत गायला, तेव्हा नितळ आला. प्रीअँपला मी हातही लावला नव्हता.

११. झाकणाच्या आत एक कार्ड

सप्लायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटवा: माइकचं नाव, ट्यूबचा नंबर, पिनांचा क्रम, केबलची लांबी, लोडवरचे दोन्ही आकडे, त्या वेळचं सॉकेटमधलं व्होल्टेज आणि तारीख. पहिल्या महिन्यानंतर एकदा मोजा, मग दर सहा महिन्यांनी. नागपुरात मे आणि डिसेंबर हे दोन महिने मी ठरवले आहेत. हीटर ०.२ व्होल्टने किंवा एचटी पाच व्होल्टने सरकलेलं दिसलं, तर ते पुन्हा जागेवर आणेपर्यंत मी तो माइक स्टँडवर चढवत नाही.